प्रुतपलीकडची पटनोंदणी

प्लोपिश, १३ मे २०१६

इलिंका,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. तू प्रिय नाहीस असं नाही. पण आज ते लिहिणार नाही.

फोन करत नाही, कारण मागच्या वेळी तूच म्हणालीस, "दोरिन, तू फोनवर बोलत नाहीस, अंगावर येतोस. काय ते कागदावर लिही, निदान वाक्यं तरी पुरी करशील." घे, पुरी करतो.

इटलीला माणसांची ने-आण करणारे टोमाकाका परवा तिकडून गाडी घेऊन परतले. वाटेत याशला थांबून त्यांनी आईसाठी चष्मा घेतला, तो तुमच्या तिथल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. चष्मा राहिला बाजूला, आई तो कागदच वाचत बसली. मथळा काय? 'प्रुत नदीपलीकडे मुलं शाळेला मुकतात!' खाली आलेखात दोन खांब. तुमच्या रोमानियाचा उंच, आमच्या मोल्डोव्हाचा बुटका. प्राथमिक शाळेची पटनोंदणी म्हणे. आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'आकडेवारी: डॉ. ग्राउर, इलिंका स्त्राटुलात'.

आईने विचारलं, "ही तीच का रे, तुझी?" मी म्हटलं, तीच.

एका प्राध्यापकाने माझ्या उच्चाराची टिंगल केली म्हणून मी याशचं कॉलेज अर्ध्यावर सोडलं. सगळे म्हणाले, एवढ्यासाठी कुणी पदवी सोडतं का? मी सोडली. त्या दिवशी अख्खा वर्ग हसला होता, फक्त तू हसली नव्हतीस. तेव्हापासून तुझ्यापायी माझं जे व्हायचं ते झालंय, तुला माहीत आहे. आणि आता तीच तू एका माणसाची नाही, एका देशाची टिंगल करतेस? तीही कोष्टक आखून?

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर मी चिडून गप्प बसलो असतो. पण आमच्या राजधानीतल्या पेपरानेही ती बातमी उचलली आणि काल जिल्हा शिक्षण कचेरीतल्या बाई तो अंक नाचवत आमच्या शाळेत आल्या. आई इथे पहिली ते चौथी शिकवते. ताप नसताना पोर आलं नाही तर मधल्या सुट्टीत ती त्याच्या दारात उभी असते.

"बघा आग्रिपिनाबाई, आता परके लोकही सांगायला लागले," कचेरीच्या बाई म्हणाल्या. "तुमच्या गावच्या नोंदीत या वयाची पोरं एवढी, आणि वर्गात बघावं तर निम्मी."

"बाकीची इटलीत आहेत," आई म्हणाली.

"असतील. कागदावर इथली आहेत आणि शाळेत नाहीत. पालकांनाच शाळा नको असेल तर सरकारने कशाला चालवायची?"

सप्टेंबरपासून शाळा बंद करायचं त्यांच्या मनात आहे. पोरांनी शेजारच्या मोठ्या गावी जायचं. बस देऊ म्हणतात.

तुझ्या त्या बुटक्या खांबाखाली कोण सापडलंय ते कळलं का?

दोरिन


याश, २२ मे

प्रिय दोरिन,

मी लिहिणार. माझा राग असा खोडाखोडी करत नाही.

आधी एक सांगते. 'मुकतात' हा शब्द पेपरवाल्यांचा. आम्ही फक्त कोष्टक दिलं. त्यात वर शाळेत नाव घातलेली मुलं, खाली त्या वयाची एकूण मुलं, आणि मग भागाकार. तुमचे आकडे तुमच्या सरकारचे, आमचे आमच्या. तुमच्याकडे पहिली सातव्या वर्षी असते आणि आमच्याकडे सहाव्या वर्षीच तयारीचा वर्ग. ग्राउरसाहेबांनी दोन्हीकडे सहापासूनच मोजायला घेतलं होतं. मी भांडून वयं सुधारून घेतली, नाहीतर तुमचा खांब गुडघ्याएवढा झाला असता. त्याबद्दल एक ओळ? नाही. दोरिनसाहेबांना फक्त चिडायला हवं.

आता तुझ्या आईंच्या उत्तराबद्दल. 'इटलीत आहेत.' बरं. पण इटलीत आहेत म्हणजे तिथे शाळेत आहेत, हे कुणी बघितलंय? आया परक्याच्या घरी म्हातारे सांभाळतात. पोरं दिवसभर कुठे असतात? तुला तरी माहीत आहे का? तुझी बहीण पादोव्हात आहे, तिच्या सोरिनाचं तू सांगशील. बाकीच्यांचं?

ओरडणं सोपं आहे. घरोघर जा आणि विचार. जे कळेल ते मला लिही. खरं निघालं तर मी ते साहेबांच्या टेबलावर ठेवीन.

आणि हो, मी त्या दिवशी हसले नाही कारण मला विनोद कळला नव्हता. उगाच मनात देवळं बांधू नकोस.

इलिंका

(शेवटचं वाक्य थट्टेत आहे. तू खरं मानशील म्हणून सांगितलं.)


प्लोपिश, ६ जून

इलिंका,

गेलो. एकूण एक दार झालं. प्रत्येक घरी बसवून घेतात, वाइन ओततात आणि 'लग्न कधी' म्हणून विचारतात. मी पडलेल्या चेहऱ्याने पितो.

पांतेलेय आजोबांकडे तीन नातवंडं कागदावर आहेत. म्हटलं, "आजोबा, तुमची पोरं शाळेत जात नाहीत असं छापून आलंय."

म्हातारा उठलाच. "कोण म्हणतो? धाकटीला बाईंनी पुढच्या बाकावर बसवलंय! थांब." फोन लावला, पडद्यावर सूनबाई, मागे तिन्ही पोरं गृहपाठ करतायत. म्हातारा फोनमध्ये ओरडला, "दाखवा रे वह्या! सरकार विचारतंय!" मी सरकार! पोरांनी घाबरून वह्या उघडल्या. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

सगळीकडे हेच. एक पादोव्हात, दोघं मेस्त्रेला, एक पोर्तुगालमध्ये, एक मॉस्कोत. यातलं एकही शाळेबाहेर नाही. एकही! तिकडे पोर शाळेत नाही गेलं तर पोलीस घरी येतात, असं ल्युबाची आई शपथेवर सांगते. आणि या आया दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलतात ती कशासाठी? पोरांनी शिकावं म्हणूनच ना?

म्हणजे तुझ्या भागाकारात वर ही पोरं नाहीत, कारण ती आमच्या शाळेत नाहीत. खाली मात्र आहेत, कारण नोंदीतून कुणी त्यांना काढलेलं नाही. जन्माला आली इथे, म्हणून कायमची इथली. गेलेलं पोर आमच्या डोक्यावर बसतं आणि खांब खाली दाबतं. आणि त्या दाबलेल्या खांबावर बोट ठेवून कचेरीची बाई जी पोरं खरोखर इथे आहेत त्यांची शाळा बंद करणार. हा कुठला न्याय?

तू शब्द दिला आहेस. ठेव हे त्या ग्राउरच्या टेबलावर. शक्य असेल तर जोरात आपट.

दोरिन

आईने तुझ्यासाठी चेरी पाठवल्यात. म्हणाली, "मुलगी विचारते तरी नीट." आई फितूर आहे.


याश, १ जुलै

प्रिय दोरिन,

चेरी पोचल्या. अर्ध्या टोमाकाकांनी वाटेत खाल्ल्या आणि कबूलही केलं.

तुझं पत्र मी साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अहो, लोक सगळीकडूनच बाहेर जातात. दोन्ही देशांत तीच चूक असेल तर चूक कापली जाते."

मला ते पटावं असं वाटत होतं, खरं सांगते. पण रविवारी मी बाबांच्या गावी गेले, वास्लुईकडे. तिथल्या शाळेच्या बाईंना विचारलं. त्यांचीही निम्मी पोरं स्पेनला. दोरिन, आमच्या उंच खांबाच्या पायातही तेच भगदाड आहे! फरक एवढाच की तुमचे जास्त गेले, आमचे जरा कमी. चूक कापली जात नाही. ज्याच्या घरातली माणसं जास्त गेली त्याला ती जास्त चावते. आम्ही शाळांची तुलना केलीच नाही. कुणाच्या आया किती संख्येने घर सोडून गेल्या, तेवढंच मोजलं, आणि वर शाळेचं नाव टाकून छापलं.

मी कोष्टकाखाली तळटीप लिहिली. साहेबांनी ती काढली. मी पुन्हा घातली. त्यांनी पुन्हा काढली आणि म्हणाले, "बाई, तळटीप वाचून कुणी निधी देत नाही." तेव्हा मी सांगितलं की मग माझं नाव काढा. अहवालाची पक्की प्रत पुढच्या आठवड्यात निघेल. त्यात माझं नाव नसेल.

तुला यात समाधान वाटणार नाही हे मला माहीत आहे. मलाही वाटत नाही.

इलिंका


प्लोपिश, १७ जुलै

इलिंका,

नाव काढलंस? बस?

आग लागली आणि तू आपल्या दारावरची पाटी काढून घरी गेलीस. खांब तसाच उभा आहे, खोटं तसंच उभं आहे, फक्त आता त्यावर तुझी सही नाही. हात धुतलेस की झालं? पेपरात जाऊन का सांगितलं नाहीस? साहेबांना दुखवायला नको म्हणून? 'चष्मा पुसला' म्हणे! तो चष्मा कसा पुसतो हेसुद्धा तू लक्ष देऊन बघतेस. बघ, बघ.

आता माझं ऐक. कचेरीची बाई परत आली होती. मी तिला सगळं समजावलं, आवाज न चढवता (थोडा चढला). ती म्हणाली, "हे बघ पोरा, मला कागद नको आणि तुझं भाषणही नको. एक सप्टेंबरला मी स्वतः येते. घंटा वाजताना अंगणात जितकी पोरं उभी दिसतील तितकी मी खरी मानीन. पुरेशी असली तर शाळा राहील."

तिला वाटलं, आपण फार हुशारी केली. वर्षाच्या पहिल्या घंटेच्या सोहळ्याला आमच्या अंगणात कोण उभं असतं, हे तिला ठाऊकच नाही! शहरातली असावी. अगं, इटलीतल्या शाळा दहा-बारा दिवस उशिरा उघडतात. उन्हाळ्याला आलेली सगळी पोरं तोवर गावातच असतात, आणि हातात फुलं, केसांत पांढरी फीत असा घंटेचा फोटो नसेल तर आया रडतात. मी बहिणीला, लिलियानाला, ल्युबाच्या आईला, सगळ्यांना फोन लावलेत. पोरांना एकच वाक्य शिकवायचं, 'मी इथेच राहतो.'

तुमच्या खोट्या आकड्याने आमची शाळा मारायची, तर मी खोट्या आकड्यानेच ती जगवीन. तुला बघायचं असेल तर ये. नसेल तर चष्मे बघत बस.

दोरिन


याश, ५ सप्टेंबर

दोरिन,

आज 'प्रिय' नाही. आता माझी पाळी.

मी तुझ्या घरी चार दिवस राहिले, तुझ्या आईंच्या हातचं खाल्लं, म्हणून तिथे बोलले नाही. आता लिहिते, आणि तू मध्ये तोंड घालू शकत नाहीस हेच बरं.

सोहळा सुंदर होता, मान्य. डेलियांचे गुच्छ, पांढरे शर्ट आणि त्या उंच मुलाच्या खांद्यावर बसून घंटा वाजवणारी तुझी सोरिना. कचेरीच्या बाई बोटाने मोजत होत्या आणि तू भिंतीला टेकून राजासारखा उभा होतास. त्या सोरिनाजवळ वाकून म्हणाल्या, "काय गं, कुठे राहतेस?" आणि ती तुझ्याकडे बघत म्हणाली, "मी इथेच राहते. आजीकडे."

बाई खूश, तू खूश. तुझ्या आईंकडे बघितलंस का? त्या कुणाकडेच बघत नव्हत्या. वर्गात, आमच्याकडे पाठ करून, फळ्यासमोर खडू मोडत होत्या.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते. काल आम्ही सगळे टोमाकाकांच्या गाडीने निघालो. तुम्ही अंगणात पाठवणीचे डबे बांधत होता आणि सोरिना दिसत नाही म्हणून लिलियाना हाका मारत होती. ती गाडीत होती. सकाळपासून. शेवटच्या बाकाखाली, लोणच्याच्या बरण्यांमागे, बूट घालून, दप्तर छातीशी धरून. मी म्हटलं, "अगं, जेवायला चल." ती म्हणाली, "मी उतरले तर मला ठेवून जातील."

"कोण ठेवून जाईल?"

"मामा. मी सगळ्यांसमोर सांगितलं ना, इथेच राहते म्हणून. त्या बाईंनी लिहूनसुद्धा घेतलं. आता आई एकटी जाणार."

सात वर्षांची पोर, दोरिन! तीन दिवस हे पोटात घेऊन फिरत होती. तू तिला साखर लावून एक वाक्य शिकवलंस, आणि तिने ते खरं मानलं, कारण मोठ्यांनी शिकवलं होतं. सीमेवर पारपत्रं तपासायला घेतली तेव्हा ती माझ्या मांडीवरून हलेना. आपलं नाव आता पलीकडे जाऊ देणार नाहीत असं तिला वाटत होतं. प्रुत ओलांडल्यावर झोपली.

ग्राउरसाहेबांनी गेलेली पोरं कागदावर ठेवली, कारण त्यांना ती तिथे सोयीची होती. तू गेलेली पोरं अंगणात उभी केलीस, कारण तुला ती तिथे सोयीची होती. त्यांनी निदान आकडे वापरले, तू पोरं वापरलीस. मी हात धुतले असं तू म्हणालास ना? तू कशात बुडवलेस ते बघ.

मी कुणाला सांगणार नाही. ते तुझं काम आहे. पण पुढच्या वर्षी तुमचा आकडा शंभर टक्क्यांच्या वर गेलेला दिसला तर मला पेढा वाटल्यासारखा कळवू नकोस.

इलिंका


प्लोपिश, २१ सप्टेंबर

इलिंका,

तुझं पत्र आईने वाचलं. मीच दिलं. सोरिनाचा भाग आला तेव्हा तिने चष्मा काढला आणि म्हणाली, "मी बत्तीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवते. माझ्याच शाळेसाठी माझ्याच नातीला... जा. सांगून ये."

गेलो. कचेरीच्या बाईंना म्हटलं, "अंगणातली निम्मीच खरी होती. शिव्या मला द्या, आईला नको." वाटलं होतं आरडाओरडा करतील. त्यांनी नुसती मान हलवली, जणू चहात साखर नको असं मी सांगितलं. "बरं झालं बोललास. म्हणजे शाळा बंद. सोमवारपासून बस."

मी माफी मागायला गेलो होतो, आणि तिथे पुन्हा भडकलो. म्हटलं, "बाई, इथली जी पोरं आहेत ती सगळी शाळेत येतात. सगळी! गेलेल्यांना कागदावरून काढा आणि मग भागाकार करा, शंभरातले शंभर येतात आमचे."

"असेल," त्या म्हणाल्या. "पण शंभर टक्के आठ म्हणजे आठच ना?"

याचाच राग जास्त आहे. कमी पट दाखवून शाळा बंद करायला निघाले होते. पट पुरा आहे हे सिद्ध झालं, तरी शाळा बंदच. मग तो आकडा विचारला कशाला होता? तुझं कोष्टक, माझी दारं, पांतेलेय आजोबांच्या नातवंडांच्या वह्या, कशासाठी होतं हे सगळं?

आणि ऐक. सोमवारी आठही पोरं रस्त्यावर बसथांब्याच्या खांबाशी उभी राहिली. मोठ्या शाळेत त्यांची नावं चढली आहेत, मी डोळ्यांनी बघितलं. बस आली नाही. मंगळवारी नाही. आज बुधवार. कचेरीत फोन केला तर म्हणतात, ठेकेदार ठरायचाय. आई घरात बसू शकली नाही. ती रोज थांब्यावर येते, वाळूत काठीने अक्षरं काढून पहिलीच्या तिघांना वाचायला लावते, मोठ्यांना गणितं घालते. ट्रक गेला की धूळ उडते, अक्षरं पुसतात, ती परत काढते. मी शेजारी दगडावर बसून हे लिहितोय.

आता सांग. सरकारच्या हिशोबात ही आठही पोरं शाळेत आहेत. तुझ्या भागाकारात ती वर आहेत आणि खालीही आहेत. अगदी बरोबर, कुठेच चूक नाही. मग ही रस्त्यावर का उभी आहेत? कुठल्या रकान्यात घालतेस तू यांना?

सोरिनाला मी फोन केला. माफी मागितली. तिने विचारलं, "मामा, मी पुढच्या उन्हाळ्यात आले तर परत जाऊ देशील ना?" तुला हसू येईल, मी फोनवरच हात जोडले.

दोरिन


याश, २५ सप्टेंबर

प्रिय दोरिन,

हसू आलं नाही.

तुझ्या आठ पोरांसाठी आमच्याकडे रकाना नाही. मी साहेबांना विचारलं. त्यांनी चष्मा पुसला नाही, एवढं तुझ्यासाठी खास बघून ठेवलं. ते म्हणाले, "नोंदणी झाली म्हणजे झाली, पुढचं आपलं काम नाही." मी म्हटलं, "मग माझं आहे," आणि आठवडाभराची सुट्टी टाकून बाहेर आले. परत गेल्यावर टेबल माझंच असेल का, माहीत नाही.

शुक्रवारी गाडीने येते. सोमवारी सकाळी थांब्यावर असेन. बस आली तर पोरांना चढवू. नाही आली तर ती नऊच्या नऊ, म्हणजे आठ पोरं आणि तुझ्या आई, जिल्हा कचेरीच्या पायऱ्यांवर नेऊन बसवू आणि तास तिथेच घेऊ द्या त्यांना, मोठ्या आवाजात, कचेरी सुटेपर्यंत. या वेळी पोरांना काहीही शिकवून न्यायचं नाही. कुणी विचारलं तर जे खरं आहे ते सांगतील.

ओरडायचं काम तुझं. अर्ज मी लिहिते. आणि त्याच्याखाली माझं नाव असेल, पूर्ण.

तुझी
इलिंका